गोळी कुणासाठी, भाजी सगळ्यांसाठी

मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, भिंग व्यवस्थित बसलं, तरी महिन्याभरात घरात कुरबुर सुरू होते. आजोबांना दाराबाहेरचं झाड दिसतं, कुंपणावरचं मांजर दिसतं, पण पेपरातल्या ओळीचा मधला शब्द दिसत नाही. समोर उभ्या माणसाची साडी कळते, चेहरा कळत नाही. सुनेला वाटतं, ऑपरेशन बिघडलं. बहुतेक वेळा ते बिघडलेलं नसतं. मोतीबिंदू हा पुढच्या भिंगाचा विकार, आणि आता जे उरलंय ते मागच्या पडद्याचं दुखणं. भिंग गढूळ होतं तोवर ते त्याच्या आड झाकलं गेलं होतं, एवढंच.

या दुखण्याला डॉक्टर ‘एएमडी’ म्हणतात. वय वाढताना पडद्याच्या मध्यभागाची, म्हणजे मॅक्युलाची, होणारी झीज. 2020 साली जगात सुमारे 19 कोटी 60 लाख माणसं या विकारासह जगत असतील, असा अंदाज 2014 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात मांडला गेला, आणि 2040 पर्यंत तो आकडा 28 कोटी 80 लाखांवर जाईल असंही त्यात म्हटलं होतं. आपल्याकडे माणसं आता पूर्वीपेक्षा जास्त जगतात, त्यामुळे ज्या घरात कधी हे नाव ऐकलं नव्हतं तिथंही ते येऊ लागलंय. नाव येतं आणि पाठोपाठ गोळ्यांची बाटली येते. ‘डोळ्यांसाठी चांगली’ म्हणून शेजारी सांगतात, औषधाच्या दुकानात सहज मिळते, परदेशातला मुलगा येताना दोन डबे आणतो. या गोळ्यांमागे खरं, मेहनतीनं केलेलं विज्ञान आहे. पण ते विज्ञान एका ठरावीक टप्प्यावरच्या माणसाबद्दल बोलतं. तो टप्पा कोणता, हे न पाहता गोळी घेणं म्हणजे पैसे घालवणं, आणि काही जणांच्या बाबतीत त्याहून वाईट.

मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यावरचा साधारण साडेपाच मिलिमीटर व्यासाचा एक भाग. पडद्याचा अगदी लहानसा हिस्सा. तरी वाचणं, सुईत दोरा ओवणं, चेहरा ओळखणं, तांदळातला खडा टिपणं ही सगळी कामं त्याच्या जिवावर होतात, कारण रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकूपेशी इथं सर्वात दाट असतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस मिलानचे फ्रान्चेस्को बुझ्झी आणि जर्मनीतले सॅम्युएल सॉमरिंग यांनी शवविच्छेदनात हा भाग पिवळसर दिसतो हे नोंदवलं. आपल्याकडे त्याला पीतबिंदू म्हणतात ते त्यामुळेच. हा पिवळेपणा खरा की मृत्यूनंतर आलेला, यावर पुढं बरीच वर्षं वाद चालला. 1945 मध्ये जॉर्ज वाल्ड यांनी दाखवलं की हा रंग हिरव्या पानांत असणाऱ्या झँथोफिल गटातला आहे. 1985 मध्ये अमेरिकेतल्या मायामीत रिचर्ड बोन आणि जॉन लँड्रम यांनी तो वेगळा करून त्यातली दोन द्रव्यं ओळखली, ल्युटीन आणि झिअ‍ॅझँथिन.

माणसाचं शरीर ही दोन्ही द्रव्यं स्वतः बनवू शकत नाही. झाडं बनवतात, आपण खातो. रक्तात फिरणाऱ्या अनेक कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांतून डोळा नेमकी हीच निवडतो आणि पडद्याच्या मध्यभागी साठवतो. तिथं ती दोन कामं करतात. निळा प्रकाश, विशेषतः 460 नॅनोमीटरच्या आसपासचा, पेशींपर्यंत पोचण्याआधी शोषून घेतात. आणि प्रकाश व प्राणवायू यांच्या संगतीत जे घातक, अस्थिर रेणू तयार होतात त्यांना निकामी करतात.

दुसऱ्या कामाचं महत्त्व कळायला झीज कशी होते ते पाहावं लागतं. प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या टोकाशी चकत्यांची चळत असते. रोज त्यातल्या सुमारे एक दशांश चकत्या गळून पडतात आणि नव्या तयार होतात. गळालेल्या चकत्या खाऊन पचवण्याचं काम पडद्यामागचा रंगद्रव्याचा एकपदरी थर करतो, दिवसामागून दिवस, सत्तर-ऐंशी वर्षं. हा थर आयुष्यभर त्याच पेशींवर काम भागवतो. वयाबरोबर पचन अपुरं पडतं, पेशींत न पचलेला गाळ साठतो, थराच्या खाली चरबी आणि प्रथिनांचे पिवळसर गोळे जमतात. त्यांना ड्रुझेन म्हणतात. बारीक, तुरळक ड्रुझेन उतारवयात बऱ्याच जणांच्या डोळ्यांत असतात आणि त्यांची काळजी करण्याचं कारण नसतं. त्यांचा आकार 125 मायक्रॉनच्या वर गेला, म्हणजे डोळ्याच्या नसेपाशी दिसणाऱ्या शिरेच्या जाडीइतका झाला, किंवा मध्यम आकाराचे पुष्कळ साठले, की विकार ‘मध्यम’ टप्प्यात गेला असं धरतात. हा शब्द लक्षात ठेवावा, कारण या प्रकरणातली गोळी याच शब्दाशी बांधलेली आहे.

मध्यम टप्प्यानंतरची वाट दोन दिशांनी जाते. कोरड्या प्रकारात पेशींचे पट्टेच्या पट्टे हळूहळू मरतात आणि पडद्यावर रिकामे डाग पडतात. ओल्या प्रकारात पडद्याखाली नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांतून पाणी नि रक्त झिरपतं. ‘पडद्याला सूज आलीय’ असं जे आपण ऐकतो, ते पुष्कळदा हेच. ओल्या प्रकारात नजर काही दिवसांत जाऊ शकते.

आता गोळीची कथा. पडद्यात आणि त्यामागच्या थरात झिंक भरपूर असतं, हे आधीपासून माहीत होतं. 1988 मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिड न्यूसम यांनी 151 रुग्णांवर झिंकची चाचणी केली आणि झिंक घेणाऱ्यांची नजर कमी खालावल्याचं सांगितलं. ऑस्ट्रियात नंतर झालेल्या एका लहान चाचणीत मात्र असा फायदा दिसला नाही. दरम्यान बाजारात गोळ्या येऊन विकल्याही जाऊ लागल्या होत्या. विक्री पुढं आणि पुरावा मागं अशी अवस्था. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेनं तेव्हा ठरवलं की याचा निकाल एकदा नीट लावायचा. त्यातून ‘एरेड्स’ हा अभ्यास उभा राहिला.

1992 पासून 11 केंद्रांत 55 ते 80 वयाचे 4757 लोक यात घेतले गेले. विकाराच्या चाचणीत त्यातले 3640 जण होते. त्यांचे चार गट पाडले. एकाला क जीवनसत्त्व 500 मिलिग्रॅम, ई जीवनसत्त्व 400 युनिट आणि बीटा कॅरोटीन 15 मिलिग्रॅम. दुसऱ्याला झिंक 80 मिलिग्रॅम, आणि इतकं झिंक शरीरातलं तांबं कमी करतं म्हणून सोबत तांबं 2 मिलिग्रॅम. तिसऱ्याला दोन्ही. चौथ्याला तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. कोण काय घेतंय हे रुग्णाला माहीत नव्हतं आणि डोळा तपासणाऱ्यालाही नव्हतं. सरासरी सहा वर्षांहून अधिक काळ या माणसांनी गोळ्या घेतल्या आणि ते ठरल्या वेळी तपासणीला येत राहिले. उतारवयातल्या हजारो माणसांनी दाखवलेल्या या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर वाटतो. आज आपण डॉक्टरांसमोर बसून जे दोन आकडे ऐकतो ते त्यांच्यामुळे आहेत.

निकाल ऑक्टोबर 2001 मध्ये आला. मध्यम टप्प्यावरच्या, किंवा एका डोळ्यात विकार पुढं गेलेला आहे अशा लोकांत, औषध नसलेली गोळी घेणाऱ्या शंभरातल्या 28 जणांचा विकार पाच वर्षांत शेवटच्या टप्प्यावर पोचला. पूर्ण मिश्रण घेणाऱ्यांत 20 जणांचा. जाहिरातीत हेच ‘25 टक्के धोका कमी’ असं लिहिलेलं असतं, आणि ते चूक नाही. पण मला 28 आणि 20 हे आकडे जास्त प्रामाणिक वाटतात. शंभरांपैकी आठ जणांचा विकार त्या गोळीनं पाच वर्षांत शेवटच्या टप्प्यावर जाण्यापासून रोखला. वीस जणांचा विकार गोळी घेऊनही पुढं गेला. बहात्तर जणांचा गोळी न घेताही गेला नसता. आठ हा आकडा लहान नाही, कारण ज्या आजाराच्या त्या टप्प्यावर दुसरं काहीच हाती नव्हतं तिथं तो मिळाला. तरीही गोळीनं नजर परत येत नाही, ‘नंबर’ उतरत नाही, साठलेले ड्रुझेन विरघळत नाहीत. घेणाऱ्याला काही जाणवतही नाही. फरक जाणवला नाही म्हणून दोन महिन्यांनी बंद करणारे आणि फरक जाणवला म्हणून शेजाऱ्याला सांगणारे, दोघेही तिच्याकडून भलतीच अपेक्षा करतात.

दुसरा निष्कर्ष तितकाच महत्त्वाचा आणि बाटलीवर तो क्वचितच छापलेला असतो. ज्यांचे डोळे निरोगी होते किंवा ज्यांच्यात अगदी सुरुवातीची खूण होती, त्यांना या मिश्रणाचा फायदा दिसला नाही. सुरुवातीच्या टप्प्यातल्यांपैकी पाच वर्षांत शेवटच्या टप्प्यावर जाणारेच शंभरात एक-दीड निघाले. मोतीबिंदू लांबवायलाही त्याचा उपयोग झाला नाही. म्हणून चाळिशीतल्या माणसानं ‘पुढं त्रास नको’ म्हणून हे मिश्रण सुरू करणं याला एरेड्सचा आधार नाही.

आणि मग बीटा कॅरोटीनचा प्रश्न. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली होती. बीटा कॅरोटीननं फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल अशी आशा होती. 1994 मध्ये निकाल आला तेव्हा तो 18 टक्क्यांनी वाढलेला निघाला. अमेरिकेतली तशीच एक चाचणी 1996 मध्ये मुदतीआधी 21 महिने थांबवावी लागली, कारण तिथंही कॅन्सर वाढत होता. गाजरात, आंब्यात, पपईत जे द्रव्य आहे तेच द्रव्य वेगळं काढून मोठ्या मात्रेत रोज दिलं, तर धुरानं पोळलेल्या फुप्फुसात ते उलटतं. जेवणातलं गाजर यानं दोषी ठरत नाही. पण ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य त्या दिवसापासून मला ऐकवत नाही.

म्हणून दुसरा अभ्यास झाला. 2006 मध्ये सुरू झालेल्या एरेड्स-2 मध्ये 82 केंद्रांत 50 ते 85 वयाचे 4203 लोक होते आणि त्याचं नेतृत्व डॉ. एमिली च्यू यांच्याकडे होतं. इथं ल्युटीन 10 मिलिग्रॅम आणि झिअ‍ॅझँथिन 2 मिलिग्रॅम देऊन पाहिलं, आणि माशाच्या तेलातली ओमेगा-3 आम्लंही. 2013 चा निकाल काहीसा गुंतागुंतीचा आहे. जुन्या मिश्रणात ल्युटीनची भर घातली म्हणून एकूण धोका आणखी लक्षणीय उतरला नाही. पण बीटा कॅरोटीनच्या जागी ल्युटीन-झिअ‍ॅझँथिन घातलं तर काम किमान तितकंच चांगलं होतं, असं दिसलं. कॅन्सरचा फरक इथंही उघड होता. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर 2 टक्क्यांना झाला, न घेणाऱ्यांत 0.9 टक्क्यांना, आणि झालेल्यांतले बहुतेक पूर्वी सिगारेट ओढून सोडलेले होते. 2022 मध्ये दहा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. बीटा कॅरोटीनच्या गटात कॅन्सरची शक्यता जवळपास दुप्पट राहिली, ल्युटीनच्या गटात वाढली नाही, आणि विकार शेवटच्या टप्प्यावर जाण्याचा धोका ल्युटीनच्या गटात सुमारे 15 टक्क्यांनी कमी होता. तेव्हापासून बीटा कॅरोटीन असलेली जुनी गोळी घ्यायचं कुणालाच कारण उरलेलं नाही. ज्यानं तरुणपणी दहा वर्षं बिडी ओढून वीस वर्षांपूर्वी सोडली, त्यानं तर लेबल वाचल्याशिवाय बाटली उघडू नये.

याच अभ्यासातली एक बारीक गोष्ट आपल्या कामाची आहे. आहारातून सर्वात कमी ल्युटीन मिळणाऱ्या पाचव्या हिश्श्यातल्या लोकांत, ल्युटीनच्या गोळीनं धोका 26 टक्क्यांनी उतरल्याचं दिसलं. पोटातून जे आलं नव्हतं, ते गोळीनं भरून काढलं, असा अर्थ त्यातून निघतो.

बाटली घेताना काय पाहायचं? दुकानातल्या ‘डोळ्यांच्या’ गोळ्यांत पुष्कळदा या घटकांची नावं असतात आणि मात्रा भलत्याच. ल्युटीन 10, झिअ‍ॅझँथिन 2, क जीवनसत्त्व 500, तांबं 2 मिलिग्रॅम, ई जीवनसत्त्व 400 युनिट आणि झिंक 80 मिलिग्रॅम, ही ती मात्रा. एरेड्स-2 मध्ये झिंक 25 मिलिग्रॅमवर आणूनही पाहिलं, तेव्हा लक्षणीय फरक दिसला नाही, त्यामुळे काही डॉक्टर कमी झिंक पसंत करतात. लेबलवर झिंक कसं लिहिलंय तेही पाहावं. झिंक सल्फेट मोनोहायड्रेट 61.8 मिलिग्रॅम असं लिहिलेलं असलं तर त्यात प्रत्यक्ष झिंक सुमारे साडेबावीस मिलिग्रॅमच असतं. जास्त झिंकचे तोटेही आहेत. एरेड्समध्ये झिंक घेणाऱ्यांना मूत्रमार्गाच्या तक्रारींसाठी दवाखान्यात भरती व्हावं लागण्याचं प्रमाण वाढलं होतं, आणि तांबं न देता झिंक दिलं तर रक्त कमी होऊ शकतं. ई जीवनसत्त्वाची हीच 400 युनिटांची मात्रा एकटी देऊन पाहिलेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत पुरुषांमध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर 17 टक्क्यांनी वाढलेला दिसला. मल्टिव्हिटॅमिन आधीच चालू असेल, रक्त पातळ करायची गोळी असेल, तर सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढं ठेवाव्यात.

झेंडूबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. दसऱ्याला दारावर जे तोरण लागतं, त्याच फुलाच्या पाकळ्यांतून जगातलं बरंचसं ल्युटीन काढलं जातं. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, पण आज ल्युटीनसाठी तो भारतातही मोठ्या प्रमाणावर पिकतो, विशेषतः कर्नाटक आणि तमिळनाडूत. पाकळ्या वाळवून त्यांचा घट्ट अर्क काढतात आणि त्यातून ल्युटीन मोकळं करतात. हाच अर्क कोंबड्यांच्या खाद्यात घातला की अंड्याचा बलक गर्द पिवळा होतो. फुलं चावून खायची नाहीत, हे वेगळं सांगायला नको. पण पडद्यावरचा पिवळा ठिपका आणि हे फूल एकाच रंगद्रव्यानं रंगलेले आहेत, याचं मला दरवर्षी दसऱ्याला नवल वाटतं.

आता ताट. 1994 मध्ये जोहाना सेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकार पुढं गेलेल्या आणि विकार नसलेल्या लोकांच्या आहाराची तुलना केली. कॅरोटिनॉइड सर्वात जास्त खाणाऱ्या पाचव्या हिश्श्यात, सर्वात कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत धोका 43 टक्क्यांनी कमी दिसला, आणि सर्वांत ठळक संबंध पालकासारख्या हिरव्या पानांशी होता. अशा तुलनेतून कारण सिद्ध होत नाही. पालेभाजी खाणारा माणूस बाकी गोष्टींतही जपणारा असू शकतो. पण गोळीच्या पुराव्याशी हे जुळतं, आणि भाजीला दुष्परिणामांची लांब यादी नाही.

शंभर ग्रॅम पालकात ल्युटीन आणि झिअ‍ॅझँथिन मिळून सुमारे 12 मिलिग्रॅम असतं, म्हणजे गोळीइतकं. मेथी, माठ, चाकवत, शेवग्याचा पाला, अळू, कोथिंबीर, सगळ्या गर्द हिरव्या पानांत ते असतं. कोबीच्या बाहेरच्या हिरव्या पानांत असतं, आतल्या पांढऱ्यात नाममात्र. पिवळा मका आणि अंड्याचा बलक यांच्यात जी काही कॅरोटिनॉइडं असतात त्यांतली बहुतांश हीच दोन असतात, आणि नारिंगी ढोबळी मिरची झिअ‍ॅझँथिनसाठी फार चांगली. बलकात एकूण मात्रा कमी, पण सोबत चरबी असल्यानं ती अंगी लागते.

चरबीचा हा मुद्दा आपल्या स्वयंपाकघरानं कुणी न सांगता सोडवलेला आहे. ही द्रव्यं पाण्यात नाही, तेलात विरघळतात. अमेरिकेत 2004 मध्ये एका अभ्यासात स्वयंसेवकांना कच्च्या भाज्यांचं सॅलड दिलं. बिनचरबीच्या ड्रेसिंगसोबत खाल्लं तेव्हा कॅरोटिनॉइडं रक्तात जवळजवळ आलीच नाहीत. तेल असलेल्या ड्रेसिंगसोबत आली. लसणाची फोडणी दिलेली मेथी, डाळ-शेंगदाणे घातलेलं अळूचं फदफदं, भाकरीवरचं तेल-चटणी, यात तेवढं तेल असतंच. ‘डोळ्यांसाठी’ म्हणून पहाटे उपाशीपोटी पालकाचा बिनतेलाचा रस पिणाऱ्यांनी तोच पालक डाळीत घालून फोडणी द्यावी. मुतखड्याची तक्रार असलेल्यांनी मात्र पालकावर भर न देता मेथीसारखी भाजी घ्यावी, आणि हृदयाची झडप बदलल्यावर वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी पालेभाजीचं प्रमाण एकदम वाढवू नये, कारण त्यातलं के जीवनसत्त्व त्या औषधाच्या आड येतं. रोज थोडी, सारखी, आणि डॉक्टरांना सांगून.

गाजराचं इतकं कौतुक का, हा प्रश्न नेहमी येतो. गाजरातलं बीटा कॅरोटीन शरीरात अ जीवनसत्त्व बनतं आणि त्याच्या अभावानं रातांधळेपणा येतो, पुढं मुलांची बुबुळंही जातात. ते संकट खरं होतं आणि गाजर, पपई, पालेभाजी यांनी त्यात खरी मदत केली. पडद्याच्या मध्यभागाची म्हातारपणातली झीज हा त्याहून वेगळा प्रश्न आहे आणि गाजरात ल्युटीन अगदी थोडं असतं. गाजर खावं. मेथीच्या बदल्यात नको.

माशांबाबत पुरावा बुचकळ्यात टाकतो. प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या पडद्यांत डीएचए हे ओमेगा-3 आम्ल खच्चून भरलेलं असतं. आठवड्याला मासे खाणाऱ्यांत विकार कमी दिसतो, असं अनेक पाहण्यांनी दाखवलं. आणि तरी एरेड्स-2 मध्ये माशाच्या तेलाच्या कॅप्सूलनं काहीच फरक पडला नाही. नंतर 25,871 लोकांच्या दुसऱ्या एका अमेरिकन चाचणीतही पडला नाही. बांगडा आणि तारली खाणाऱ्यांनी ते आनंदानं खावेत. ‘डोळ्यांसाठी’ म्हणून महागड्या कॅप्सूल मात्र घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

एकेक घटक सुटा काढला की त्याचा प्रभाव विरतो, हे युरोपातल्या अभ्यासातही दिसलं. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या आणि फ्रान्समधल्या बोर्दोच्या ज्येष्ठांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली होती. भूमध्य समुद्राकाठच्या लोकांसारखा आहार, म्हणजे भाज्या, फळं, डाळी, कडधान्यं, अख्खी धान्यं, मासे आणि मांस कमी, असा घेणाऱ्यांत विकार शेवटच्या टप्प्यावर जाण्याचा धोका 41 टक्क्यांनी कमी होता. त्यातला कुठलाही एक पदार्थ वेगळा काढून पाहिला तर तेवढ्यानं हा फरक समजावता आला नाही. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, पालेभाजी, कांदा, मूठभर शेंगदाणे आणि एखादा पेरू, हे ताट त्या आहारापासून फार लांब नाही. लांब गेलंय ते मैद्याचं, तळलेलं, भाजी नावापुरती असलेलं ताट.

आपल्या देशातलाही एक अभ्यास आहे. दिल्लीच्या एम्ससह आणि अरविंद नेत्र रुग्णालयासह ‘इंडआय’ या प्रकल्पात उत्तर आणि दक्षिण भारतातल्या साठीच्या पुढच्या हजारो लोकांचे डोळे आणि रक्त तपासलं. शेवटच्या टप्प्यातला विकार सुमारे 1.2 टक्क्यांत आढळला. मला त्याहून अस्वस्थ करणारा निष्कर्ष रक्ताचा वाटला. क जीवनसत्त्वाची कमतरता उत्तरेत सुमारे 74 टक्के आणि दक्षिणेत सुमारे 46 टक्के ज्येष्ठांमध्ये होती. ज्या देशात आवळा, पेरू आणि लिंबू रस्त्यावर विकले जातात, तिथं. दात पडले, कडक फळ चावत नाही, एकट्या माणसासाठी कोण भाजी निवडत बसणार, म्हणून चहा-बिस्किटावर दुपार काढली जाते. अशा घरात बाटली नेण्याआधी पेरूची चटणी, आवळ्याचा किस आणि मऊ शिजवलेला पाला पोचायला हवा.

आहाराच्या बाहेरची एक गोष्ट इथं सांगायलाच हवी, कारण ती गोळी आणि भाजी या दोन्हींपेक्षा वजनदार आहे. धूम्रपान करणाऱ्यांत हा विकार होण्याची शक्यता न करणाऱ्यांच्या दुप्पट ते चौपट असते. वय आणि घराण्यातली जनुकं बदलता येत नाहीत, हे बदलता येतं. आई, वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा विकार असेल तर पन्नाशीनंतर डोळ्यात थेंब घालून, बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. थेंब घातल्यावर काही तास अंधुक दिसतं, त्यामुळे स्कूटर घेऊन जाऊ नये, कुणाला तरी सोबत न्यावं. तपासणी झाल्यावर डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा, ‘माझा टप्पा कोणता?’ ‘सुरुवातीचा’ असं उत्तर आलं तर ताट सुधारावं आणि सांगितलेल्या मुदतीत पुन्हा जावं. ‘मध्यम’ आलं, किंवा एक डोळा गेलेला आहे असं कळलं, तर एरेड्स-2 च्या गोळीबद्दल लगेच बोलावं. कोरड्या प्रकारात पडद्यावर डाग पडलेले पण अजून मध्यबिंदू वाचलेला आहे, अशांनाही आता आशा आहे. 2024 मध्ये जुन्या नोंदी नव्यानं तपासल्या तेव्हा ही गोळी घेणाऱ्यांत डाग मध्याकडे सरकण्याचा वेग तीन वर्षांत सुमारे 55 टक्क्यांनी मंदावलेला दिसला. हे मागं वळून केलेलं विश्लेषण आहे, नवी चाचणी नव्हे, पण ज्याचं वाचन त्या मध्यबिंदूवर टिकून आहे त्याच्यासाठी ते मोलाचं आहे.

ओला प्रकार सुरू झाला तर मात्र ना भाजी, ना गोळी. तिथं डोळ्यात इंजेक्शन लागतं. 2006 पासून ही औषधं मिळू लागली आणि त्याआधी ज्यांची नजर ठरलेलीच जायची अशा असंख्य माणसांची ती राहिली. अट एकच, वेळेत पोचण्याची. त्यासाठी स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांनी 1940 च्या दशकात मांडलेला तक्ता घरी ठेवता येतो. दहा सेंटिमीटरचा चौकोन, आत पाच मिलिमीटरचे 400 चौकटे, मधोमध एक टिंब. वहीच्या चौकटीच्या पानावरही तो आखता येतो. वाचायचा चष्मा लावून, पान वाचताना धरतो तेवढ्या अंतरावर धरून, एक डोळा तळव्यानं झाकायचा आणि दुसऱ्यानं टिंबाकडे पाहायचं. मग दुसरा डोळा. दोन्ही उघडे ठेवून पाहिलं तर चांगला डोळा बिघडलेल्याचं सांभाळून घेतो आणि काहीच कळत नाही. रेघा वाकड्या, लाटेसारख्या दिसल्या, एखादा चौकटा पुसट किंवा गायब झाला, दाराची चौकट किंवा खिडकीचे गज अचानक वाकलेले वाटले, तर पुढच्या महिन्याच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच आठवड्यात, शक्य तर दुसऱ्याच दिवशी, पडद्याच्या डॉक्टरांकडे जावं आणि नाव नोंदवतानाच सांगावं की रेघा वाकड्या दिसतायत.